सहावं बेसिन

गुड फ्रायडेला दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी मी सेबू शहरातल्या त्या चारमजली व्यापारी इमारतीत पोहोचलो. वेळ वहीत लिहिलेली आहे, म्हणून नेमकी सांगतो. पाण्याची बारीक गळती शोधायची तर इमारत पूर्ण रिकामी हवी, आणि आमच्याकडे वर्षात असा एकच दिवस येतो. सगळी दुकानं बंद. तीनला देवानं प्राण सोडला, त्यानंतर तर कोणी अंघोळसुद्धा करत नाही.

दारावर रुस्तिको हा पहारेकरी बसला होता, मांडीवर नारळाच्या दुधातल्या रताळ्याच्या खिरीचा वाडगा घेऊन.

"नोय काद्यो, आज देवसुद्धा मेलाय," तो म्हणाला. "पाणी पिणार कोण?"

'नोय' म्हणजे दादा, वयानं मोठ्या पुरुषाला आम्ही तसंच म्हणतो. मी हसलो आणि मीटरचं झाकण उचललं. मीटरच्या काचेआड एक लाल चांदणी असते. थेंबभर पाणी वाहिलं तरी ती फिरते. आख्ख्या इमारतीत नळ उघडणारं कोणी नव्हतं आणि चांदणी फिरत होती. थोडी फिरली, थांबली. पुन्हा फिरली.

हे मी आधी पाहिलं होतं.

गेल्या नोव्हेंबरात इथलं पाणी असंच गायब होऊ लागलं, तेव्हा व्यवस्थापक सेनिझा मॅडमनी मला बोलावलं होतं. इमारतीची नळांची कामं अठरा वर्षं नोय देल्फिनच बघायचे. पोलादी कांबेचं एक टोक नळाला आणि दुसरं कानामागच्या हाडाला लावून ऐकायला मला त्यांनीच शिकवलं. मी पन्नाशीला आलो तरी मला ते 'दोंग' म्हणायचे, म्हणजे पोरा. त्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेतलं.

"दोंग, गळती कधी दम खात नाही. ही खाते. हे कोणीतरी पितंय."

त्यांचं बरोबर होतं. गळती अखंड असते, आणि माझ्या वहीतले आकडे तुटक होते. पण अहवालात 'कारण' असा एक रकाना असतो. तिथे 'कोणीतरी पितंय' लिहिलं असतं तर मला पुन्हा कोणी काम दिलं नसतं. मी लिहिलं, 'वायसर वेळेवर बदललेले नाहीत.' वायसर नवे होते. मी हात लावून पाहिले होते. आठवड्याच्या आत नोय देल्फिनना कामावरून काढलं. फेब्रुवारीत ते वारले.

इमारतीसमोर, रस्त्यापलीकडे, मयत ठेवायची तीन घरं आहेत. त्यातल्या मधल्या घरात त्यांना ठेवलं होतं. त्यांची बायको, नांग म्हणजे ताई, नांग लुदिना, मला एक शब्दही लावून बोलली नाही. कॉफी दिली आणि हळूच म्हणाली, "चूक त्यांची नव्हती, एवढी एक ओळ लिहून दे. मुलं विचारतात." मी हो म्हटलं.

मयताहून थेट घरी जायचं नाही, ही आमची रीत. वाटेत कुठेतरी टेकायचं, काही खायचं, हात धुवायचे. मेलेल्याचा आत्मा मागे लागून आला असेल तर तो तिथेच सुटतो. त्या तीन घरांतून निघालेली माणसं वर्षानुवर्षं समोर याच इमारतीच्या तळमजल्यावरच्या खाणावळीत टेकतात. मीही टेकलो. भिंतीकडच्या सहाव्या बेसिनवर हात धुतले आणि हलक्या अंगानं घरी गेलो. ज्या इमारतीतून त्यांना काढलं, तिथेच त्यांना सोडून आलो, हे तेव्हा ध्यानातही आलं नाही.

आता, या गुड फ्रायडेला, मला ती ओळ लिहायची होती. खरं कारण सापडलं, तर ती लिहायला भिण्याची गरज उरणार नव्हती.

वरून एकेक मजल्याचं पाणी बंद करत आलो. उरला तळमजला. उलट्या ठेवलेल्या खुर्च्यांमधून गेलो, तर विझलेल्या मेणबत्त्यांचा आणि शिळ्या फुलांचा वास आला. सहाही बेसिनं कोरडी होती. मी पहिल्याखाली वाकून नळाला कांब लावली.

गळतीचा आवाज सुईसारखा असतो. हा तसा नव्हता. घोट. मग थांबणं. मग घोट.

दुसऱ्याखाली घाईघाईचे, लहान मुलासारखे. चौथ्याखाली म्हाताऱ्या माणसाचे, मध्ये धाप लागल्यासारखे. प्रत्येकाचा व्हॉल्व्ह मी आवळत गेलो, आणि तिथला आवाज अर्ध्या घोटात तुटत गेला. पाच झाले.

सहाव्याखाली काहीच ऐकू येईना. पूर्वी आम्ही दोघं काम करायचो तेव्हा मी मीटरपाशी आणि नोय देल्फिन आत असायचे. नळावर ठोकून बोलायचो. दोन ठोके म्हणजे बंद केलं. एक म्हणजे चालू ठेव. मी सहावा व्हॉल्व्ह आवळला आणि सवयीनं दोनदा ठोकलं.

नळातून एक ठोका आला.

"नोय...?" मी म्हणालो. मोठ्यानं नाही.

व्हॉल्व्ह बंद असूनही घोट सुरू झाला. लांब, सावकाश, दिवसभर राबून आलेल्या माणसाचा. मग कांबेतून, थेट हाडात...

"दोंग... लिहिलंस का?"

दारापाशी रुस्तिकोनं विचारलं, गळती सापडली का. मी हो म्हटलं. माझ्याकडे बघत तो म्हणाला, "मयताहून आल्यासारखं तोंड झालंय तुमचं. कुठेतरी टेका, मग घरी जा."

टेकायचं कुठे? दोन तास फिरलो. पावाची दुकानं बंद, कॉफीची टपरी बंद. चर्चसमोर गर्दी होती, पण तिथे मिरवणुकीत मेलेल्या देवाची मूर्तीच लोकांच्या खांद्यावर होती. एका मयताहून दुसऱ्या मयतात जाऊन कोणी सुटत नाही. शेवटी थेट घरी आलो.

रात्री अहवाल लिहायला बसलो. नोय देल्फिन जाऊन दोन महिने झाले आणि चांदणी अजून फिरते, एवढा पुरावा त्यांना निर्दोष ठरवायला पुरेसा होता. पण सोमवारी मॅडम विचारणार, मग कारण काय? पेनाचं टोपण काढलं. मग रकान्यात लिहिलं, 'पूर्वीच्या माणसाचं सदोष काम.' खाली सही केली.

मी एकटा राहतो. नळ सगळे बंद होते. नऊ चाळीसला बाहेर जाऊन मीटर पाहिलं. चांदणी थोडी फिरली, थांबली.

आत येऊन मी स्वयंपाकघरातल्या मोरीच्या नळावर पेनानं दोनदा ठोकलं.

उत्तर यायला वेळ लागला. एक ठोका. मग न्हाणीच्या नळात एक, घाईघाईचा. मग मागच्या अंगणातल्या नळात एक. मी व्हॉल्व्ह आवळून ज्यांना तहानलेलं ठेवलं होतं, त्यांनाही वाटेत कुठे टेकायला मिळालं नव्हतं.

मी मोजत राहिलो. सहा झाले.