जोडीतली एक

लाईट काही आता तासभर येत नाही, वसईची वीज ती! मेणबत्ती इकडे सरकवा आणि निर्मळ गावच्या स्टेफीचं काय झालं ते ऐका. ही भुताची गोष्ट आहे का, ते शेवटी तुम्हीच ठरवा. मला विचाराल तर ती एका सुईची गोष्ट आहे.

सुरुवात अगदी साधी. सप्टेंबर सरता सरता स्टेफी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सातवा लागलेला. नवरा रेमंड आचोळ्याच्या फ्लॅटमधून रोज नोकरीला जायचा, तो रविवारी यायचा. माहेरी होते एकटे पपा. केळीची वाडी, मोगऱ्याचे वाफे, मागे विहीर, सगळं जिथल्या तिथे होतं. पण जिच्यामुळे माहेराला माहेर म्हणायचं, तीच घरात नव्हती. मटिल्डा, म्हणजे स्टेफीची मम्मी, जाऊन तीन वर्षं झाली होती.

ही मटिल्डा गावात मोजेवाली म्हणूनच ओळखली जायची. कुणाच्याही घरी बाप्तिस्मा असो, बाई लोकरीचे इवलेसे मोजे घेऊन हजर! वसईत कसली आलीय थंडी, म्हणून लोक हसायचे. "तुम्हाला नसेल वाजत, बाळाच्या तळपायांना वाजते," असं म्हणायची आणि पुढचा टाका घ्यायची. स्टेफीला तर तिने बजावूनच ठेवलं होतं, "तुझ्या पोराला बाजारातले मोजे चढवायचे नाहीत. मी विणणार." साऱ्या गावाच्या पोरांचे पाय झाकले, आणि स्वतःच्या नातवंडाची वेळ आली तेव्हा ही नाही. आता काय बोलायचं?

स्टेफीला विणकामाचा गंध नव्हता. मम्मी शिक म्हणायची, ही म्हणायची, "तू आहेस ना!" आपण सगळे असंच म्हणतो. पण आता पोटातलं बाळ लाथा मारायला लागलं होतं आणि मोजे कुणीतरी विणायलाच हवे होते. एका सकाळी ती रिक्षा करून वसई गावात जीना आंटीच्या दुकानात गेली. बटणं, लेस, चेन, लोकर असलं सगळं तिथे मिळतं, आणि आंटीची बडबड फुकट.

"आंटी, विणायच्या सुया द्या. मी अगदी नवीन आहे, तर एक नंबरच्या द्या."

जीना आंटी पोट धरून हसली. "एक नंबर म्हणजे पहिली इयत्ता वाटली का गो तुला? एक नंबरची सुई बोटाएवढी जाड असते! इथे सगळा उलटा कारभार. नंबर वाढला की सुई बारीक."

मग तिने काउंटरवर सुया मांडल्या. "ही स्टीलची. चकचकीत दिसते, पण निसरडी. नवशिक्यांचे टाके भराभर सांडतात हिच्यावरून. तू आपली बांबूची घे, नऊ नंबर. लोकर धरून ठेवते. आणि लोकर घे फिकट रंगाची, टाका डोळ्यांना दिसायला हवा."

स्टेफीने मोतिया रंगाचा गुंडा उचलला. पण बांबूच्या सुया बाजूला सारून तिने पर्समधून रुमालात गुंडाळलेली एक सुई काढली. स्टीलची, लाल टोपीची. नंबर झिजून गेलेला.

"मला हिच्यावर शिकायचंय. मम्मीची आहे. हिला फक्त जोडीदार द्या."

आंटीने भोकांची पट्टी काढली, सुई एकेका भोकात घालून पाहिली. "अकरा. मोज्यांची सुई ही, तुझ्या हाताला जड जाईल. हिची दुसरी कुठाय?"

"मम्मीजवळ."

"म्हणजे?"

स्टेफीने मान खाली घालून सांगून टाकलं. मम्मीची शवपेटी बंद करायच्या आधी सगळे फुलं ठेवत होते, तेव्हा तिने जपमाळेखाली एक सुई सरकवली होती. एक तुझ्याजवळ, एक माझ्याजवळ, असं मनात म्हणून. ही गोष्ट पपांखेरीज कुणाला ठाऊक नव्हती.

जीना आंटीने सुई काउंटरवर ठेवली. "वेडी का खुळी गो तू? द्यायच्या तर दोन्ही द्यायच्या, ठेवायच्या तर दोन्ही ठेवायच्या. अगो, विणणं म्हणजे काय असतं? ह्या सुईवरचे टाके त्या सुईवर जातात, त्या सुईवरचे ह्या सुईवर येतात. बस, एवढंच. मग आता हिच्यावरचे टाके जायचे कुठे?"

"बांबूच्या सुईवर," स्टेफी हसत म्हणाली.

आंटी हसली नाही. तिने टाके कसे घालायचे ते दाखवलं, सुलटा टाका दाखवला, बांबूची जोडी जबरदस्तीने पिशवीत कोंबली आणि म्हणाली, "ती सुई ठेवून दे. बाळंत झालीस की नीट शीक."

ऐकणार थोडीच? दुपारी जेवून पपा वाडीत पाणी सोडायला गेले, आणि स्टेफी मागच्या खोलीत खाटेवर बसली. ही खोली विहिरीच्या बाजूची, दुपारीही अंधारलेली. इथेच बसून मम्मी विणायची. स्टेफीने मम्मीच्या सुईवर टाके घातले, बांबूच्या सुईने ओळ विणायला घेतली, आणि जो काही गोंधळ झाला म्हणता! एक टाका ढिला, दुसरा सांडलेला, तिसरा दोनदा विणलेला. कशीबशी एक ओळ जाऊन एक ओळ परत आली, टाके पुन्हा मम्मीच्या सुईवर आले, आणि तिला रडू फुटलं. मम्मी असती तर टपली मारून सगळं उसवलं असतं. त्या टपलीसाठी तिचा जीव तुटत होता. तिने सगळं टोपलीत टाकलं, बांबूची सुई कपाटात ठेवून दिली आणि कुशीवर झोपली.

तिन्हीसांजेला जाग आली. टोपलीत सुई होती, नुसती. टाके नाहीत, विणलेलं नाही, लोकरीचा गुंडाही नाही. तिने खाटेखाली पाहिलं, अंगणात पाहिलं. पपा म्हणाले, "मांजराने नेला असेल, दुसरा आणू."

पण दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा डोळा लागला, आणि झोपेतच तिला आवाज ऐकू आला. टिक... टिक... टिक. सुईवर सुई वाजल्याचा. हा आवाज ऐकतच तर ती लहानाची मोठी झाली होती, त्यामुळे झोप मोडलीच नाही, उलट गाढ लागली. उठली तेव्हा गुंडा टोपलीत होता. मम्मीच्या सुईवर टाके होते आणि सुईखाली बोटभर विणकाम. खाली स्टेफीच्या दोन ढगळ ओळी, आणि त्यांच्यावर घट्ट, एकसारख्या, दाटीने बसलेल्या ओळी. लोकर हाताला गार लागली. तिला विझलेल्या मेणबत्तीचा वास येत होता, आणि ओल्या मातीचा.

आता कुणीही शहाणं माणूस किंचाळलं असतं, रेमंडला फोन केला असता, निदान फादरना तरी बोलावलं असतं. स्टेफीने ते विणकाम गालाला लावलं आणि हसली. हसता हसता रडली. हो, भीती वाटली तिला, खोटं कशाला सांगू, हातावर काटा उभा राहिला. पण तीन वर्षांत पहिल्यांदा मम्मीने काहीतरी उत्तर दिलं होतं, आणि त्यापुढे भीतीला कोण विचारतं?

मग तो रिवाजच पडला. जेवण झालं की स्टेफी एक ओळ जाऊन एक ओळ येऊन विणायची, टाके मम्मीच्या सुईवर आणून ठेवायची आणि झोपायची. कधी उठून पाहावं तर सुई मोकळी, कधी टाके परत आलेले. एकाच कापडात दोन हात दिसत होते, एक सैल, एक घट्ट. हळूहळू टाच आकाराला आली. स्टेफीचा हातही सुधारू लागला. झोपण्याआधी ती टोपलीशी बोलायची. बाळ आज फार हललं गो मम्मी. डॉक्टर म्हणतात, सगळं बरं आहे. तू लवकर कर हं.

आणि एका संध्याकाळी जेवताना पपा म्हणाले, "बाय, शुक्रवारी मम्मीची कबर उघडणारेत."

यात काही वावगं नव्हतं. सिमेट्रीत जागा थोडी आणि माणसं बहुत. काही वर्षं झाली की कबर उघडतात, अस्थी काढून बाजूच्या कोनाड्यात ठेवतात आणि जागा पुढच्या माणसाला देतात. स्टेफीला हे लहानपणापासून माहीत होतं. तरी तिच्या हातातला घास गळून पडला.

"पपा, थोडं थांबायला सांगा ना."

"का गो?"

"मोजे... मोजे व्हायचेत अजून."

पपांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ताटातला भात बोटाने गोळा करत राहिले. मग हळूच म्हणाले, "दुपारी वाडीत पण ऐकू येतं. पाटाचं पाणी बंद केलं की... टिक टिक. मला वाटलं, मला एकट्यालाच."

"मग सांगा ना थांबायला."

"कुणाला सांगू, बाय? काय म्हणून सांगू?"

त्यांचे डोळे भरले होते. दोघंही मग जेवली नाहीत.

गुरुवारी दुपारी स्टेफीने आपल्या दोन ओळी विणल्या. एकही टाका सांडला नाही. टोपली उशाशी घेतली आणि मोठ्याने म्हणाली, "मम्मी, उद्या उघडणारेत गो. आज पुरं कर. दोन्ही कर. माझ्या बाळाला तुझं काहीतरी हवं."

झोपायचं नाही, डोळे उघडे ठेवून पाहायचंच, असं तिने ठरवलं होतं. पण टिक टिक सुरू झाली, भराभर, घाईघाईने, पाहुणे दारात आलेले असताना मम्मी शेवटच्या ओळी उरकायची तशी. आवाज अगदी खाटेजवळ होता... आणि मान वळवायचं धाडस काही तिला झालं नाही. पापण्या जड झाल्या. जाग आली तेव्हा टोपली रिकामी होती. लोकर नाही, विणकाम नाही, आणि या वेळी सुईही नाही. टोपलीचा तळ ओला होता.

शुक्रवारी पोटुशी बाईला सिमेट्रीत कोण नेणार? पपा एकटेच गेले. स्टेफी ओट्यावर वाट पाहत बसली. पपा परत आले, चपला न काढताच तिच्याशेजारी बसले आणि मांडीवर रुमाल सोडला. आत मम्मीची जपमाळ होती. जपमाळेशेजारी सुया होत्या, लाल टोपीच्या, दोन.

"तू तर एकच ठेवली होतीस ना, बाय?"

स्टेफीने सुया उचलून पाहिल्या. सुयांखाली लोकरीचा मोजा होता. मोतिया, इवलासा, टाच वळवून, नाडी ओवून पुरा केलेला. मातीचा कण नाही, ओलाव्याचा डाग नाही.

"दुसरा?" तिने विचारलं.

"दुसरा नव्हता."

"असेल, पपा. तिने दोन केले असणार. एक मोजा कोण विणतं?"

"रमेशने सगळी माती चाळणीने चाळली," पपा म्हणाले. रमेश म्हणजे सिमेट्रीत खणणारा. "मीच सांगितलं त्याला. दोनदा चाळली. नाही, बाय. एकच."

स्टेफी तो मोजा मुठीत धरून बसून राहिली. मग तिला समजलं. मम्मी काही विसरली नव्हती. तिने दोन्ही पुरे केले होते. आणि लेकीने तीन वर्षांपूर्वी जे केलं, तेच आईने आता केलं होतं. एक तुझ्याजवळ, एक माझ्याजवळ. हिला रागवायचं तरी कसं? स्टेफीला आईची आठवण येत होती ती येतच होती, आईलाही येत असेल हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. पण आता ओढ एकट्या लेकीची राहिली नव्हती, मोजा बाळाचा होता, म्हणजे त्यात पोटातलं बाळही आलं होतं. दोन्ही हात पोटावर ठेवून ती अंधार पडेपर्यंत तिथेच बसली.

डिसेंबरात मुलगी झाली. सुखरूप, सव्वातीन किलोची, रडण्यात एक नंबर. जीना आंटी बघायला आली तेव्हा बाजारातल्या मोज्यांचे चार जोड घेऊन आली. ते पायात टिकेनात. चढवले की पोर आकांत करायची, काढले की गप्प. शेवटी स्टेफीने मम्मीचा तो एकच मोजा उजव्या पायात घातला. पोर लगेच शांत झाली. डावा पाय उघडा राहिला.

त्या आठवड्यात निर्मळला कधी नव्हे ती कडाक्याची थंडी पडली. पहाटे स्टेफी दचकून उठली. दुपट्यातून बाळाचा डावा पाय बाहेर आलेला. गार पडला असेल म्हणून तिने घाईने तळव्याला हात लावला.

तळवा उबदार होता, उजव्याहून जास्त. तिने दिवा लावला आणि पाय उजेडात धरला. घट्ट मोजा आत्ताच कुणीतरी हलक्या हाताने काढून घ्यावा, तशी घोट्याभोवती कोवळ्या कातडीवर टाक्यांची लालसर खूण उमटली होती. एकसारखी, दाटीची ओळ.

आणि मुलगी जागी होती. खाटेच्या पायथ्याकडे बघून हसत होती.