माती नको म्हणते तेव्हा

मंगलताईंनी हिरवळीवर शेंगदाण्याची पेंड पसरली, वर गूळपाणी शिंपडलं आणि पदराला हात पुसत विचारलं, "आवडलं का?"

"पोट भरलंय. आता नको," हिरवळीतून उत्तर आलं.

बोलत होती ती श्वासकांडी. बोटाएवढी ही सळई मातीत रोवली, की तिथले कोट्यवधी सूक्ष्मजीव किती श्वास घेतात, किती उपाशी आहेत, हे मोजून ती सरळ मराठीत सांगायची. सांगलीच्या त्या कॉलनीत आता अंगण तिथे कांडी होती. काही घरांत तर तेवढीच बोलायची.

"नको म्हणतेय ती," पायरीवर बसलेले त्यांचे यजमान शशांकराव म्हणाले.

"सुरुवातीला सगळेच म्हणतात. लाजतेय." ताईंनी आणखी दोन मुठी वाढल्या.

तीस वर्षं त्यांनी खानावळ चालवली होती. मग घरोघरी स्वयंपाकयंत्रं आली. ती डॉक्टरांना विचारून मोजकं वाढतात. शशांकरावांचं ताटही यंत्राकडे गेलं. आग्रह करायला उरली ती ही एवढीशी हिरवळ.

आणि तीच पिवळी पडत चालली. दुसऱ्या आठवड्यात कडेचं गवत करपलं.

"अशक्तपणा आलाय बिचारीला." ताईंनी शेणखताचं घमेलं उचललं.

"मंगल, खाली ठेव ते. अति खाऊन जळतंय गवत. आतले जिवाणू गुदमरलेत. अजून एक घमेलं घातलंस, तर ही जाईल. मग वाढशील कुणाला?"

"तुम्हाला काय कळतंय? तुम्ही कधी नको म्हणालात?"

"रोज. तीस वर्षं."

"मला नाही ऐकू आलं."

"मला कांडी नव्हती ना."

ताईंनी घमेलं ठेवलं आणि कांडीपाशी उकिडव्या बसल्या. "मग देऊ तरी काय गं तुला?"

"काही नको. हवा हवीय. भोकं पाडा."

दोघांनी सकाळभर बागकामाच्या काट्यानं जमिनीत भोकं पाडली. मग अठरा दिवस मातीला उपास. जड गेला तो ताईंना. रोज त्या रिकाम्या हातांनी हिरवळीच्या कडेला बसायच्या, काहीबाही बोलायच्या. कांडी "बरं" म्हणायची.

एकोणिसाव्या सकाळी भोकांच्या कडेनं पोपटी टोकं वर आली होती.

"थोडी भूक लागलीय," कांडी म्हणाली.

ताई धावत पेंडीचा डबा घेऊन आल्या. मूठ भरली, आणि ती तशीच हवेत राहिली. जन्मात कुणाला न विचारलेला प्रश्न त्यांनी मातीला विचारला:

"किती वाढू?"