शीळ वर चढेना

ओसाकातल्या निप्पोनबाशी भागात, रेडिओच्या सुट्या भागांच्या दुकानात त्या पावसाळी दुपारी वातारू गप्प राहिला असता, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण शेजारी उभी असलेली मुलगी दुकानदाराला म्हणाली, "व्होल्टेज बदललं की या डायोडची कपॅसिटन्स चौपट बदलते ना? मग माझ्या ऑसिलेटरची वारंवारताही चौपट बदलेल!"

"दुप्पटच," त्याच्या तोंडून निघून गेलं. "वर्गमूळ घ्यावं लागतं…"

"तुम्हाला कुणी विचारलं?"

त्याचे कान लाल झाले. "माफ करा."

"माफी नको. गणित मांडून दाखवा!"

ती सायोको, ततामी, म्हणजे गवताच्या जाड चटया, विणणाऱ्याची मुलगी. घरीच रेडिओ बनवत होती. मग दर रविवारी तिच्या वडिलांच्या दुकानामागे, ताज्या गवताच्या वासात, दोघं पेन्सिलीने हिशेब करू लागले… आधी कॉइल, मग कपॅसिटर, मग ट्रान्झिस्टरचा प्रवाह. तो आकडे सांगायचा, ती चुका शोधायची आणि खुदकन हसायची.

रेडिओ तयार झाला, पण बटण शेवटपर्यंत फिरवलं तरी त्यातल्या ऑसिलेटरची शीळ हवी तितकी वर चढेना. घरी परतताना ट्राममध्ये वातारूला चूक कळली. ट्रान्झिस्टरची स्वतःची कपॅसिटन्स त्याने धरलीच नव्हती! सांगितलं तर काम संपणार, रविवार संपणार. न सांगितलं तर…

पण पुढच्या रविवारी, दारातच, त्याने सांगून टाकलं.

"म्हणजे मास्तरच नापास!" सायोको म्हणाली. तिने हिशेब नव्याने केला, लहान कपॅसिटर डाग देऊन जोडला. शीळ सुरेल चढत थेट वरच्या टोकाला गेली.

ती कमरेत वाकली. "तुमचे उपकार फार झाले, वातारूसान."

"तर… आता माझं काही काम उरलं नाही," म्हणत तो पेन्सिल उचलायला वाकला. कॉइलजवळ त्याचा हात येताच शीळ घसरली.

"हात लांब! तुमच्या हातानंही कपॅसिटन्स वाढते."

"मग पत्र्याचं झाकण लावा ना, हाताचा परिणाम होणार नाही."

"लावीन की… सावकाश." तिने आपलाही हात त्याच्या हाताशेजारी आणला. शीळ आणखी खाली आली. "दोन हातांची किती होते, ते कुठे मोजलंय? पुढच्या रविवारी मोजू?"

"रविवारपर्यंत थांबायचं?" तो म्हणाला आणि स्वतःच दचकला.

सायोकोने हात तिथेच ठेवला. वातारूला त्या घटकेला, आयुष्यात प्रथमच, आपल्या चुकलेल्या गणिताचे मनापासून आभार मानावेसे वाटले.