घाटराणी कॅम

कोरा घ्यावा की मुरलेला, एवढाच वाद त्या काळी ट्रकवाल्यांत उरला होता. सपाटीवर बॅटरीचे ट्रक राज्य करीत. चढाच्या घाटात मात्र उसाच्या स्पिरिटवर चालणारी इंजिनंच टिकली होती, आणि इंजिन म्हटलं की कॅम आलाच. कॅम म्हणजे इंजिनातला उंचवट्यांचा दांडा. तो फिरतो, उंचवटे झडपा दाबतात आणि इंजिन श्वास घेतं. उंचवटा मोठा केला तर इंजिन वेगात जोर दाखवतं, पण ओझ्यासकट चढावर कच खातं. लहान केला तर उलट. वर्षानुवर्षं लोकांनी दोहोंपैकी एक पत्करलं. मग स्मृतिधातू आला. उष्णता आणि भार सोसताना या धातूचे उंचवटे केसभर सरकतात, ड्रायव्हरचा पाय कधी काय मागतो ते शिकतात आणि पुरतं शिकले की कायमचे घट्ट होतात. अजून काही न शिकलेला कॅम तो कोरा, असा पुरता शिकलेला तो मुरलेला. लोणच्याचा शब्द ट्रकवाल्यांनी धातूला लावला आणि तो चिकटला.

हिंदुराव वारके मुरलेला कॅम निवडायला लेकीचा ट्रक घेऊन कंपनीच्या चाचणी-आवारात आले होते. लेक संयोगिता बंदरातून कोळसा भरून आंबा घाट चढायची. सहा महिन्यांपूर्वी एका वळणावर कोऱ्या कॅमच्या इंजिनाचा श्वास तुटला आणि ब्रेक धरेपर्यंत ट्रक बावीस हात मागे घरंगळला. मागचं चाक कठड्याला अडलं म्हणून पोर वाचली. तेव्हापासून ती घाटाच्या आदल्या दिवशी जेवत नसे.

कंपनीच्या धातुशास्त्रज्ञ डॉ. इरावती साठ्ये यांनी लोखंडी घोडीवर चढवलेली तीन इंजिनं सुरू करून दिली. "काका, हा सपाटीचा. हा मधला. आणि हा घाटराणी. एक कॅम इतका उत्तम मुरून आला, की त्याचे उंचवटे मोजून आम्ही हुबेहूब तीन हजार ओतले."

असलं नाव काढणाऱ्याच्या तोंडात किडे पडोत, असं हिंदुरावांना पुढे वाटणार होतं. त्या क्षणी मात्र त्यांना ते नाव आवडलं. जुन्या मिस्त्रीच्या सवयीनं त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि भार वाढवायला सांगितलं. इंजिनानं दोन तोकडे श्वास घेतले आणि मग ओढ धरली. बेस हाय, म्हणत त्यांनी मान डोलावली. पुन्हा भार दिला. पुन्हा तेच, आधी दोन तोकडे श्वास.

हिंदुरावांच्या वडिलांच्या ट्रकचा पंप गळका होता, म्हणून ते ओढीआधी पायानं पेडलला दोन ठोके देत. पंप गेला, ट्रक गेला, वडीलही गेले, ठोके राहिले. गरज नसताना हिंदुरावांनी ती खोड लेकीलाही लावली होती. वारक्यांच्या घराबाहेर असं कुणी चालवत नाही.

"मॅडम, ह्यो पाय माझ्या पोरीचा हाय."

बाईंनी पडद्यावर नंबर पाहिला. "हो, तुमच्याच ट्रकचा मूळ कॅम. अदलाबदलीच्या मेळाव्यात मिळाला."

ट्रक घरंगळल्यानंतर लगेचच भरलेला तो मेळावा हिंदुरावांना चांगला आठवत होता. जुना कॅम द्या, नवा फुकट न्या. बोहारणीला विजार देऊन पातेलं घेणारी आपली माणसं, असल्या सौद्याला नाही कशी म्हणतील? त्यांनी स्वतःच्या हातानं कॅम उतरवला होता, पुसून दिला होता आणि कंपनीला कसं गंडवलं म्हणून गावभर मिरवलं होतं.

"पर तिचाच का?"

"भीती, काका. निवांत माणसाचा पाय आळशी असतो. कॅम त्याच्याकडून फारसं शिकत नाही. जीव जायची वेळ आली की पाय नेमकं मागतो. तुमच्या मुलीनं ट्रक घरंगळतानाच्या नऊ सेकंदांत जे शिकवलं, ते आम्हाला चार वर्षांत जमलं नव्हतं."

"कोरा कॅम चढाला दगा देतोय, हे तुमास्नी ठावं हुतं?"

"माहितीपत्रकात लिहिलंय."

"आनि तरी त्ये कॅम घाटवाल्यांस्नीच वाटले."

"सपाटीवर तो काय शिकला असता?"

"किती वाटले?"

"एकशे चाळीस. एकशे चौतीस परत आले." बाईंनी पडद्यावरची यादी खाली सरकवली. "सहा दरीतून काढता आले नाहीत. त्यातले दोन-तीन फार सुंदर मुरले असते."

त्या मनापासून हळहळल्या, आणि हिंदुरावांना त्या हळहळीची किळस आली. बाई दुष्ट असत्या तर दोन शिव्या हासडून मोकळं होता आलं असतं. पण त्यांनी काकांचा चेहरा पाहून खुर्ची दिली, पाणी दिलं. त्या पाण्याचीही शिसारी आली. इथं उभं राहून आपण पोरीची भीती कानाला लावून ऐकली आणि बेस हाय म्हणून मान डोलावली, याची त्याहून जास्त आली.

ते तडक बाहेर पडले आणि ट्रकमध्ये जाऊन बसले. चावी फिरवताना त्यांना कळलं, की खाली बसवलेला कॅम मेळाव्यात फुकट मिळालेलाच आहे, म्हणजे कोरा. परवा संयोगिताची खेप होती. साधे, न शिकणारे कॅम आता कुणी बनवत नव्हतं. ते उतरले आणि परत आत गेले.

"घाटराणी बसवा," ते म्हणाले.

"तुमचा आत्ताचा कॅम मात्र जमा करावा लागेल, काका. त्याशिवाय बसवता येत नाही."

"भंगारात घालनार न्हवं?"

"छे, सात हजार किलोमीटर शिकलाय तो. अर्धवट शिकलेला कॅम कोऱ्यापेक्षा जास्त कच खातो, म्हणजे शिकतोही लवकर. पुढच्या मेळाव्यात दुसऱ्या घाटवाल्याकडे जाईल." बाईंनी यादी उघडली. "ठरलंय बघा. फोंडा घाटातली गाडी आहे, चालकाचं नाव—"

"मॅडम," हिंदुरावांनी ट्रकची चावी त्यांच्यापुढे ठेवली, "नाव तेवढं वाचू नका."