पडद्यातली मुलगी थांबेना

मी बटणावरून बोट उचललं, पण पडद्यातली मुलगी थांबली नाही. ती आणखी एक पाऊल पुढे गेली आणि छपरावरून खाली कोसळली. पडताना ती माझ्याकडेच बघत होती असं मला वाटलं, आणि अंगावर सर्रकन काटा आला.

नुकतंच माझ्या मनगटाचं प्लास्टर निघालं होतं. उद्या शाळेच्या गेमिंग संघाची निवड होती, आणि हात माझं ऐकेनासा झाला होता.

"आजोबा, हा हात आता माझा राहिला नाही," असं म्हणून मी चक्क भोकाड पसरलं.

आजोबा पडद्यांच्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होते. धीर देणं त्यांना जमत नाही. ते थेट प्रयोगाला लागतात.

"शर्वाणी, रडणं नंतर. हा भिंतभर पडदा कधी आला गं?"

"हात प्लास्टरमध्ये होता तेव्हा. त्याचं काय? किती सुंदर दिसतं त्यावर!"

आजोबांनी माळ्यावरून जुना चिमुकला पडदा काढला आणि एकच खेळ दोन्हीकडे लावला. आमचा यंत्रमानव ठकू माझं बोट आणि दोन्ही पडदे टिपू लागला. मी बटण दाबलं. मग ठकूने तेच दृश्य अगदी संथ करून दाखवलं.

माझं बोट खाली गेलं. जुन्या पडद्यातल्या मुलीने उडी मारली. भिंतीवरची मात्र नुसतीच उभी होती. मग तिनेही उडी मारली, अगदी तश्शीच.

"ती कशासाठी थांबली होती?" मी कुजबुजले.

"ती नाही, पडदा थांबला होता," आजोबा म्हणाले. "नवा पडदा प्रत्येक चित्र आधी घासूनपुसून चकचकीत करतो, मगच दाखवतो. त्यात सेकंदाचा जेमतेम दहावा भाग जातो. याला म्हणतात इनपुट लॅग (बटण दाबल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतचा वेळ). सिनेमा बघताना तो जाणवत नाही, कारण तिथे आपण काही करत नसतो. खेळताना मात्र आपण केलं की लगेच झालं पाहिजे, अशी मेंदूची अपेक्षा असते. उशीर झाला की त्याला आपलाच हात परका वाटतो."

"म्हणजे माझा हात बरा आहे?"

"ठणठणीत! नट्टापट्टा करतोय तो पडदा."

आजोबांनी गेम मोड (चित्र न नटवता लवकर दाखवण्याची सोय) लावला. रंग जरा फिके झाले.

"आता लॅग गेला?"

"थोडा उरतोच, पण तुला कळणार नाही. चंद्रावरचं यंत्र इथून चालवायचं झालं तर मात्र पंचाईत आहे. आपला संदेश प्रकाशाच्या वेगाने गेला तरी तिथे पोचायला सेकंदाहून जास्त लागतो. ते कोडं तुम्ही मुलं सोडवा."

मी पुन्हा खेळायला लागले. छपराच्या कडेशी बोट उचललं, आणि ती मुलगी तिथेच थांबली. तिच्या पायांखाली नुसता काळोख होता. मी मनगट चोळलं. ते अजून जरासं दुखत होतं, पण माझंच होतं.