रॉडला लावलेला कान

लग्नानंतर सुरुवातीला मला वाटायचं, नवरा फार विचारी मिळाला. काही विचारलं की हे थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहायचे आणि मगच बोलायचे. पुढे एकदा कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या, डाळ करपली, आणि हे बाजूलाच शांतपणे बूट पुसत बसले होते. तेव्हा विचारीपणाचा उलगडा झाला.

हे मूल गावाच्या पुढे एका गिट्टी खदानीत ड्रिल मशीन चालवतात. तेलाच्या दाबावर चालणारी मशीन, ठोके देत लोखंडी रॉड दगडात उतरवते. त्या ठोक्यांनीच ह्यांचे कान खाल्ले. आणि या कामात बिघाड ओळखायचा तो आवाजावरून! मुकादम गुणवंतरावांना कळलं असतं तर मशीनवर दुसरा माणूस बसला असता.

त्या दुपारी मी डबा घेऊन गेले तर जेवणाची सुट्टी झालेली, खदानीत हे एकटेच. रॉड भोकात अडकला होता. ना खाली, ना वर. ह्यांनी तेल पाहिलं होतं, फिल्टर साफ केला होता, गळकी नळी बदलली होती. दाबाचा काटाही जागेवर. संध्याकाळपर्यंत सुटला नाही तर चंद्रपूरहून दुसरा ऑपरेटर आणतो, असं गुणवंतराव बजावून गेले होते.

ह्यांनी माझ्या हातात स्क्रू पिळायचा लांब पेचकस दिला.

"पुनम, याचं टोक मशीनले लाव, मूठ कानाले. आत काय वाजते, सांग."

माझे बाबा तलावात डोंग्याच्या वल्ह्याला असाच कान लावून माशांची चाहूल घ्यायचे. मला रीत नवी नव्हती. ह्यांनी ठोका बंद ठेवून मशीन नुसती चालू केली. जात्यासारखी सलग घरघर. एकसारखं आहे, मी मान हलवून सांगितलं. मग त्यांनी मशीन बंद केली. ओल्या दगडाचा आणि डिझेलचा वास तेवढा उरला. कडेच्या सागाचं पानही हलत नव्हतं.

"आता रॉडले लाव."

लावला.

ठक्... ठक् ठक्.

तापलेलं लोखंड निवताना वाजतं, तव्याचं रोज ऐकते मी. पण या रॉडमधून काम चालू असताना पाणी खेळतं, तो माठासारखा गार होता. आणि निवणारं लोखंड वाट बघत नाही. हा आवाज वाट बघत होता. ठोकायचा आणि थांबायचा, दाराबाहेरचा माणूस आतली चाहूल घेतो तसा.

"काय वाजते?"

"खालून कोणीतरी... ठोकून राह्यलं."

हे हसतील असं वाटलं होतं. त्यांनी लांब श्वास सोडला आणि दगडावर बसले.

"मंग बरं झालं. मले वाटलं, मलेच येते तो आवाज. बाकी सारं बंद झालं... हा तेवढा येते."

कधीपासून, मी विचारलं. ते दुसरीकडे बघत होते, त्यामुळे ऐकूच गेलं नाही. उठून त्यांनी हातोडी घेतली आणि रॉडवर हलकेच वाजवली. कडी काढण्याआधी आतला माणूस वाजवतो तशी.

"आलो," ते पुटपुटले.

मग मशीन चालू करून तिचा दांडा ओढला. लोण्यातून सुरी निघावी तसा रॉड वर आला.

संध्याकाळी गुणवंतरावांनी ह्यांची पाठ थोपटली. आता रोजच्या डब्याबरोबर माझे कानही खदानीत जातात, आणि नोकरी टिकून आहे. रॉड पुन्हा अडकला नाही. त्यातून ठकठकही पुन्हा ऐकू आली नाही.

घरी मात्र कुकर ओरडून थकतो तरी ह्यांना पत्ता नसतो. आणि जेवताना मधेच ह्यांचा घास हातात थांबतो. सारवलेल्या जमिनीकडे बघत हे हळूच म्हणतात, "आलो..."

मला काहीच ऐकू येत नाही. फक्त त्यांच्या पाटाजवळच्या गडव्यात पाण्यावर बारीक वलय उठतं. थांबतं. पुन्हा दोनदा उठतं.

खदानीतून परतल्यावर पेचकस खुंटीलाच असतो. जमिनीला लावून पाहायचं अजून धाडस झालं नाही.