उणे अंतर

नियंत्रणकक्षातल्या मोठ्या पडद्यावर मनोरंजन उद्यानाचा नकाशा उमटला होता आणि त्यावर केशरी ठिपके मुंग्यांसारखे सरकत होते. प्रत्येक ठिपका म्हणजे एक चलठेला: वडे, थालीपिठं, उसळी घेऊन आपोआप हिंडणारी खाद्यगाडी.

"शाल्मली, आज शेवटची संधी," डॉ. उमराणीकर म्हणाले. "लोक वैतागले, तर उद्या सगळे ठेले फाटकाशी कायमचे उभे करायचे. सहलीला आलेला माणूस पथ्य पाळायला येत नाही."

"म्हणून तर मी काहीच वर्ज्य केलं नाही, सर. मनगटावरची ऊर्जापट्टी रक्तातली साखर आणि चाल मोजते. खाल्लेल्या ऊर्जेतून खर्चलेली वजा करायची. उरेल तेवढं त्या माणसानं चालायचं, म्हणून ठेला त्याच्यापासून तितक्या अंतरावर राहतो. वडा मिळतोच, पण आधीचं पचवून."

"आणि शेजारी शेजारी दोन माणसं असली तर?"

"दोघांचीही अंतरं पाळायला बघतो. अजून तरी कुठे अडलेलं नाही."

"अजून तरी," उमराणीकर हसले.

चाचणीसाठी आलेल्या मोजक्या कुटुंबांत कराडचे थोरवे होते. वसंतराव थोरवे चांगले भारदस्त. सकाळी दोन मिसळी रिचवून आता ते वड्यामागे लागले होते आणि वडा पुढे पळत होता. त्यांच्या पट्टीतून आवाज कक्षात पोचला.

"गाडी आहे का गाढव? जवळ गेलं की लांब जातंय!" चार पावलांत दमून ते बाकावर टेकले. "कुमुद, तू बघ बाई. तुला तरी भाव देतंय का."

कुमुदताई गेल्या. ठेला त्यांच्यापुढे गुमान उभा राहिला. त्यांनी वडा आणला, मग ताक, मग आकाशपाळण्यात बसलेल्या नातवंडांसाठी कणसं. वसंतराव खातील तसा ठेला त्यांच्यापासून आणखी लांब जाई आणि कुमुदताईंची खेप आणखी लांबे. "तुम्ही बसा हो, मी आणते," हे ठरलेलंच.

"झालं तुझं गणित," उमराणीकर म्हणाले. "खाणारा बसलाय, आणणारी पळतेय."

शाल्मलीचा चेहरा उतरला. आधीच्या चाचण्या तिनं प्रयोगशाळेतल्या सोबत्यांवर केल्या होत्या. तिथे जो तो आपापलं आणायचा. तिनं कुमुदताईंचे आकडे उघडले. चालणं उदंड. खाणं म्हणजे सकाळचा चहा आणि अर्धं बिस्किट. वजाबाकी शून्याखाली गेली होती, साखरही उतरत होती.

"अंतर उणे आलंय, सर. उणे म्हणजे..."

उत्तर पडद्यावर दिसलं. केशरी ठिपके वळले आणि कुमुदताई नुकत्याच टेकल्या होत्या त्या बाकाकडे निघाले. माणसानं ठेल्याकडे जायचं नाही, ठेल्यानं माणसाकडे जायचं!

"थांबव त्यांना!"

"नको सर. सूत्र बरोबर आहे. त्यांना भूक लागलीय, आणि ते फक्त सूत्राच्याच लक्षात आलंय."

सगळ्यात पुढचा थालीपिठाचा ठेला बाकाच्या दिशेनं आला आणि बऱ्याच अलीकडे अडखळला. पुढे, मागे, पुढे, मागे. कुमुदताईंना भेटायला निघालेला. पण त्यांना खेटून वसंतराव बसलेले, आणि त्यांचं अंतर तळ्याच्या पार पलीकडचं.

"याला काय झटके येतायत?" वसंतराव उठून पुढे झाले. ठेला मागे हटला. ते बसले. ठेला पुढे आला.

कुमुदताई हा खेळ थोडा वेळ पाहत राहिल्या. वाऱ्यावर खरपूस वास येत होता.

"अहो, तळ्याला एक फेरी मारून या बघू."

"मी? आत्ता?"

"तुम्ही हलल्याशिवाय ते माझ्याकडे यायचं नाही."

"आता गाडीचाही मान राखायचा!" पुटपुटत वसंतराव निघाले. ते जसजसे लांब गेले, तसतसा ठेला जवळ आला. त्याच्यामागे उसळीचा, भज्यांचा, सोलकढीचा, अशी रांगच लागली. कुमुदताईंनी सवयीनं इकडेतिकडे पाहिलं: आधी कुणाला वाढू? जवळ कुणीच नव्हतं. त्यांनी लोण्याचा गोळा थालीपिठावर ठेवला आणि तो पुरता विरघळण्याआधीच पहिला घास घेतला.

उमराणीकर खुर्चीत मागे रेलले. "आणि वसंतराव?"

शाल्मलीनं बोट दाखवलं. तळ्यापलीकडे वड्याचा ठेला न हलता उभा होता.

कुमुदताईंचा फोन वाजला. "कुमुद! थांबला गं माझ्यासाठी!" वसंतराव धापा टाकत होते, पण खुशीत होते. "गरमागरम आहे. खाऊ?"

"खा की," भरल्या तोंडानं कुमुदताई म्हणाल्या. "आणि येताना मला चटणी आणा."